टॉप-अपच्या अर्जावर सही करण्याआधी

ठाण्याहून आलेल्या एका पत्राचा सारांश असा: "आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. मी शिक्षिका आहे, हातात ४१ हजार येतात. मिस्टर वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत आहेत, त्यांचे ७८ हजार. फ्लॅटचं ३१ लाखांचं कर्ज बाकी आहे. व्याज साडेआठ टक्के, १५ वर्षं उरलीत, हप्ता ३०,५००. आता बँक त्याच घरावर १० लाखांचं टॉप-अप (चालू गृहकर्जावर मिळणारं वाढीव कर्ज) देतेय, सव्वानऊ टक्क्यांनी, १५ वर्षांसाठी. ह्यांना ते पैसे शेअर बाजारात लावायचेत. म्हणतात, बाजार १५ टक्के देतो, बँक सव्वानऊ घेते, मधले पावणेसहा टक्के आपले. मी सहकर्जदार असल्यामुळे माझी सही लागते. दोन महिन्यांपूर्वी ह्यांनी ब्रोकरच्या एमटीएफवर (ब्रोकरकडून पैसे उसने घेऊन शेअर घ्यायची सोय) ५ लाखांचे शेअरही घेतलेत, २ लाख आमचे आणि ३ लाख ब्रोकरचे. ते सध्या ८ टक्के खाली आहेत. हिशेबात काहीतरी चुकतंय असं वाटतं, पण काय ते मला सांगता येत नाही. सही करू का?"

ताई, सही करू नका. तुमच्या मिस्टरांचा हिशेब पूर्ण खोटा नाही. म्हणूनच नुसतं "कर्ज वाईट" म्हणून तो खोडता येणार नाही, आकडे मांडावे लागतील. पण टॉप-अपचा विषय महिनाभर थांबला तरी काही बिघडत नाही. एमटीएफचा मीटर मात्र रोज चालू आहे, म्हणून आधी त्याचं बघू.

ब्रोकरच्या ३ लाखांवर रोज व्याज लागतं, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरून. दर ब्रोकरप्रमाणे बदलतो. मिस्टरांच्या खात्यावर किती लागतोय ते ॲपमधल्या लेजरमध्ये, म्हणजे खात्याच्या हिशेबात, दिसेल. १५ टक्के धरला तर दिवसाला १२३ रुपये, ६० दिवसांचे साधारण ७,४००. म्हणजे ५ लाखांचे शेअर दोन महिन्यांत जवळजवळ दीड टक्का वर गेले असते, तरी नफा शून्यच होता. वर्षभर असंच ठेवलं तर पहिली ९ टक्के वाढ निव्वळ ब्रोकरच्या व्याजात जाते. तारण ठेवण्याचे आणि सोडवण्याचे आकार, ब्रोकरेज, खरेदी आणि विक्री दोन्ही वेळचा ०.१ टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) हे वेगळंच.

आता आजची स्थिती. शेअर ८ टक्के खाली, म्हणजे ५ लाखांचे ४ लाख ६० हजार झाले. ब्रोकरचे ३ लाख आणि व्याजाचे ७,४०० वजा केले की तुमच्या २ लाखांपैकी १ लाख ५२ हजार ६०० उरतात. शेअर ८ टक्के पडला आणि तुमचे पैसे जवळजवळ २४ टक्के गेले. उसन्या पैशांची ही गुणाकाराची बाजू ब्रोकरच्या जाहिरातीत दिसते ती फक्त वर जातानाची.

खरा धोका याच्या पुढे आहे. एमटीएफवर घेतलेले शेअर ब्रोकरकडे तारण असतात आणि त्यांच्या बाजारभावाच्या ठरावीक टक्के मार्जिन, म्हणजे स्वतःचा हिस्सा, तुमच्या बाजूने कायम असावं लागतं. ते ४० टक्के धरू. ४ लाख ६० हजारांचे ४० टक्के म्हणजे १ लाख ८४ हजार. तुमचा हिस्सा, व्याज न धरताही, १ लाख ६० हजार. आजच २४ हजार कमी पडतायत, त्यामुळे मार्जिन शॉर्टफॉलचा मेसेज बहुधा येऊनही गेला असेल. मिस्टरांना तेवढं नक्की विचारा. काही ब्रोकर थोडी मुभा देतात, काही अजिबात देत नाहीत. शेअर खरेदीच्या भावापासून २० टक्के पडले तर तूट ६० हजारांवर जाते. ती दिलेल्या मुदतीत भरली नाही तर ब्रोकर तुम्हाला न विचारता, त्या दिवशी मिळेल त्या भावाला शेअर विकतो. कराराप्रमाणे तो त्याचा हक्कच आहे. त्यात आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: मार्जिनचा टक्का शेअरच्या चढ-उतारावरून ठरतो, त्यामुळे बाजार हलायला लागला की ४० चे ५० होऊ शकतात. भाव पडतो तेव्हाच मागणी वाढते. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडला, १० टक्क्यांचं सर्किट लागून ४५ मिनिटं व्यवहार थांबले होते. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, जवळजवळ ६ टक्के घसरण झाली. अशा दिवशी दुपारपर्यंत ६० हजार कुठून आणणार?

म्हणून या आठवड्यात एवढं करा. साधारण ३ लाख ७ हजारांचे शेअर विकून ब्रोकरचं मुद्दल आणि व्याज पूर्ण फेडून टाका. उरलेले दीड लाखाचे शेअर मग तुमचे, कुणाचंही देणं नसलेले. ते एमटीएफमधून साध्या डिलिव्हरीत (पूर्ण पैसे भरून घेतलेल्या शेअरमध्ये) वळवून घ्या आणि तारणातून सुटलेत का हे सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थांच्या स्टेटमेंटमध्ये तपासा. कंपन्या एकापेक्षा जास्त असतील तर ज्या फक्त कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतल्या त्या आधी विका. तोटा अंगावर येईल, पण प्राप्तिकराचं विवरण मुदतीत भरलं तर हा अल्पमुदतीचा तोटा पुढची आठ वर्षं भांडवली नफ्यातून वजा करता येतो. आणि टॉप-अपच्या पैशातून ही तूट भरायचा विचार मनात असेल तर तो तिथेच थांबवा. त्याने ब्रोकरचं कर्ज फक्त घरावर येईल.

आता टॉप-अप. मिस्टरांच्या वाक्यात एक गोष्ट निसटली आहे: १० लाखांचा हप्ता बाजार भरणार नाही, तुमचे दोन पगार भरणार. सव्वानऊ टक्क्यांनी १५ वर्षांचा हप्ता १०,२९२ रुपये बसतो. एकूण परतफेड साडेअठरा लाख, त्यात साडेआठ लाख व्याज. मग खरी तुलना "१५ वजा सव्वानऊ" अशी नसतेच. महिन्याला १०,२९२ बाजूला काढायची ऐपत असेल तर दोन रस्ते आहेत. एक, कर्ज काढून १० लाख आज लावायचे आणि १५ वर्षं हप्ता भरायचा. दोन, कर्ज न काढता तेच १०,२९२ दरमहा एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडातल्या मासिक गुंतवणुकीत, टाकायचे. खिशातून दोन्हीकडे सारखेच पैसे जातात. तेव्हा १५ वर्षांनी कुठे किती उरतात ते बघायचं.

परतावा महिन्याला १ टक्का, म्हणजे वर्षाला १२ च्या थोडा वर धरला, तर पहिल्या रस्त्याने ५९.९६ लाख होतात आणि दुसऱ्याने ५१.४२ लाख. दीर्घमुदतीच्या नफ्यावर सवा लाखापुढे साडेबारा टक्के कर आहे (सेस सोडून, सगळं एकदम विकलं असं धरून), तो वजा केल्यावर ५३.८७ आणि ४७.४६. फरक साधारण ६ लाख ४० हजार, कर्जाच्या बाजूने. म्हणून म्हटलं, मिस्टर पूर्ण चुकीचे नाहीत.

पण परतावा १० टक्क्यांवर (महिन्याला ०.८३ टक्का) आणा. करानंतर ४०.३८ लाख विरुद्ध ३९.८० लाख. पंधरा वर्षं घर जास्तीचं गहाण ठेवून कमाई ५८ हजार, तीही टॉप-अपची प्रोसेसिंग फी आणि स्टॅम्पचा खर्च न धरता. ९ टक्क्यांवर (महिन्याला ०.७५ टक्का) आणा, तर साधी एसआयपीच दीड लाखाने पुढे जाते. म्हणजे या सगळ्या योजनेला अर्थ येण्यासाठी १५ वर्षं सरासरी १० च्या बऱ्यापैकी वर मिळावे लागतात, आणि तेही वाटेत कधीही विकायची वेळ न येता. मिस्टरांनी गृहीत धरलेले १५ टक्के कुठल्या वर्षांवरून आले ते त्यांना विचारा. बहुतेक वेळा तो आकडा चांगल्या तीन-पाच वर्षांच्या तक्त्यातून उचललेला असतो.

शिवाय सव्वानऊ हा आकडाही पक्का नाही. गृहकर्जाचा आणि टॉप-अपचा दर सहसा फ्लोटिंग, म्हणजे बदलता, असतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ वरून साडेसहावर नेला. तसं पुन्हा झालं तर सव्वानऊचे पावणेबारा होतात, आणि वरचा सगळा हिशेब उलटतो. करातही एक गैरसमज असतो. घराच्या खरेदीसाठी किंवा दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर जी वजावट मिळू शकते, ती शेअरसाठी वापरलेल्या टॉप-अपला लागू होत नाही. शेअरच्या नफ्यातून हे व्याज वजा होईल असंही धरून चालू नका. आणि वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर आहे.

सरासरी सोडून प्रत्यक्ष प्रवास बघितला की चित्र आणखी बदलतं. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या वर जाऊन आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ८ हजारांच्या खाली गेला. २०२० मध्ये जानेवारीच्या शिखरापासून मार्चच्या तळापर्यंत निफ्टी ३८ टक्क्यांच्या आसपास पडला. दोन्ही वेळा बाजार पुन्हा वर आला हे खरं. पण २००८ ची ती पातळी कायमची मागे टाकायला २०१३-१४ उजाडलं, आणि तेवढी वर्षं हप्ता कुणी माफ केला नव्हता. तुमच्या आकड्यांत सांगायचं तर समजा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी गुंतवणूक ३५ टक्के खाली आहे. शेअर उरले साडेसहा लाखांचे. २४ हप्ते भरून तुमचे २ लाख ४७ हजार गेलेत. बँकेची बाकी? ९ लाख ३२ हजार. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असतं, त्यामुळे मुद्दल जेमतेम ६८ हजारांनी कमी झालंय. सगळं विकलं तरी बँकेला २ लाख ८२ हजार द्यायचे राहतात.

नेमक्या अशा वेळी माणूस विकतो. अक्कल कमी असते म्हणून नव्हे, तर बाजार पडतो तेव्हा कंपन्याही पगारवाढ थांबवतात, माणसं कमी करतात. मिस्टरांची नोकरी आणि त्यांचे शेअर, दोन्ही एकाच हवेवर अवलंबून आहेत. स्वतःचे पैसे लावलेला माणूस अशा वेळी डोळे मिटून वर्षभर थांबू शकतो, कर्जावरच्याला दर महिन्याच्या ५ तारखेला उठावं लागतं.

आता सहीबद्दल, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. सहकर्जदार म्हणजे साक्षीदार नव्हे. संपूर्ण कर्जाची जबाबदारी तुमच्यावरही तितकीच येते, हप्ता चुकला तर दोघांचाही सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासाचे गुण) खाली जातो. आणि शेअर कुणाच्या नावावर असणार? डीमॅट खातं मिस्टरांच्या एकट्याचं असेल, तर कर्ज दोघांचं आणि गुंतवणूक एकाची असा प्रकार होतो. नॉमिनी म्हणून तुमचं नाव आहे हे त्याचं उत्तर नाही, नॉमिनीला खातेदाराच्या हयातीत कसलाच हक्क नसतो.

टॉप-अपच्या अर्जात रक्कम कशासाठी हवी हा रकाना असतो, आणि पैसे सट्ट्यासाठी किंवा शेअर खरेदीसाठी वापरणार नाही अशी हमी बँका सहसा लिहून घेतात. मंजुरीपत्र शांतपणे पूर्ण वाचा. एजंट म्हणेल, "घराची डागडुजी लिहा, कोण बघतंय?" पण खोट्या माहितीखाली तुमचीही सही असेल, आणि त्या कलमावर बोट ठेवून बँक पूर्ण रक्कम एकदम परत मागू शकते. टॉप-अपचा पैसा सट्ट्यात जाण्याचा धोका रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी ऑगस्ट २०२४ च्या पतधोरणाच्या भाषणात उघड बोलून दाखवला होता, त्यामुळे ही बाब दुर्लक्षित आहे असं समजू नका. बँक कर्ज देतेय म्हणजे योजना सुरक्षित आहे, असाही अर्थ नाही. बँक तुमचे पगार आणि घराची किंमत बघते. घोडबंदरला मेट्रोमुळे भाव वाढले असतील, वाढोत, पण ज्या घरात आपण राहतो त्याचा वाढलेला भाव हप्ता भरायला उपयोगी पडत नाही.

तुम्ही नकार दिलात तर फोनवर येणाऱ्या प्री-अप्रूव्ह्ड पर्सनल लोनकडे मिस्टरांचं लक्ष जाईल, कारण तिथे तुमची सही लागत नाही. तोही हिशेब हाताशी ठेवा. १० लाख, १४ टक्के, ५ वर्षं: हप्ता २३,२६८. दोन टक्के फी आणि त्यावरचा जीएसटी कापून हातात ९ लाख ७६ हजार ४००. महिन्याला १ टक्का परतावा मिळाला तर त्याचे ५ वर्षांत १७.७४ लाख होतात. तोच हप्ता एसआयपीत गेला असता तर १९ लाख. म्हणजे बाजाराने उत्तम साथ देऊनही कर्ज काढणारा सव्वा लाखाने मागे. इथे वाद घालायलाही जागा नाही. आणि कर्जाच्या पैशातून फ्युचर-ऑप्शनचं नाव निघालं तर सेबीचा (शेअर बाजाराच्या नियामकाचा) आकडा दाखवा: २०२४-२५ मध्ये त्या व्यवहारांत वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९१ टक्के तोट्यात गेले, एकूण तोटा एक लाख कोटींच्या वर.

मग करायचं काय? मिस्टरांना बाजारात यायचंय ही इच्छा चांगली आहे, ती मारू नका. पहिलं, घरखर्च ५० हजार धरला तर हप्त्यासह महिन्याचे ८०,५०० होतात. सहा महिन्यांचे ४ लाख ८३ हजार एफडीत किंवा लिक्विड फंडात हवेत. दुसरं, ३१ लाखांचं कर्ज पूर्ण फिटेल एवढा टर्म इन्शुरन्स आहे का बघा. हे दोन्ही होईपर्यंत थेट शेअर नकोत.

त्यानंतर मिस्टरांसमोर असा प्रस्ताव ठेवा: टॉप-अपचा जो हप्ता आपण भरणारच होतो, ते १०,२९२ रुपये दर महिन्याच्या ५ तारखेला निफ्टीच्या एखाद्या इंडेक्स फंडात (निफ्टीतल्याच कंपन्यांत पैसे लावणाऱ्या फंडात) एसआयपीने टाकायचे, फोलिओ म्हणजे फंडातलं खातं दोघांच्या नावावर, एक वर्ष, एकही महिना न चुकवता. शाळेची फी, गणपती, दिवाळी, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं सांभाळून. वर्षभर जमलं तर पुढेही तेच चालू ठेवा, जमलं नाही तर तो हप्ता कर्जाचा नव्हता याचं समाधान माना आणि रक्कम कमी करा.

आणखी एक पर्याय तुमच्या घरात कुणी मांडलेला दिसत नाही. तेच १०,२९२ दरमहा मूळ गृहकर्जात जास्तीचे भरले, तर १५ वर्षांचं कर्ज नऊ वर्षं आणि एक-दोन महिन्यांत संपतं आणि साधारण १० लाख रुपये व्याज वाचतं. हा साडेआठ टक्क्यांचा परतावा आहे, त्यावर कर नाही आणि तो शेअर बाजाराबरोबर खाली जाणारा नाही. निम्मे इकडे, निम्मे एसआयपीत, असंही करता येतं, आणि तुमच्या घरासाठी मला तेच सगळ्यात योग्य वाटतं. भरताना शाखेला लेखी कळवा की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा. नाहीतर काही बँका मुदत तीच ठेवून हप्ता कमी करतात आणि व्याजातली बचत घटते. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड घेता येत नाही.

टॉप-अपचा अर्ज आधीच गेला असेल तर घाबरू नका. मंजुरीपत्र आलं म्हणजे कर्ज उचललं असं होत नाही. रक्कम खात्यात यायच्या आत शाखेला दोघांच्या सहीचं पत्र आणि ईमेल द्या की कर्ज नको आहे, आणि पोचपावती घ्या. भरलेली प्रोसेसिंग फी कदाचित परत मिळणार नाही. रक्कम जमा झालीच असेल तर ती जशीच्या तशी त्याच टॉप-अप खात्यात परत भरा, जितके दिवस राहिली तेवढंच व्याज लागेल. खातं बंद झाल्याचं पत्र मागून घ्या आणि महिना-दीड महिन्याने दोघांचेही सिबिल रिपोर्ट काढून तिथे ते कर्ज बंद दिसतंय का ते बघा.